ठणठणीत काकू

आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, मारुतीच्या देवळापुढून जाताना हात न जोडणाऱ्या बायका दोनच. एक मी आणि दुसऱ्या काकू. मी जोडत नसे, कारण माझा देवावर विश्वास नाही. वडिलांनी लहानपणीच तो विषय आमच्या घरात संपवून टाकला होता. काकू जोडत नसत, कारण त्यांचा देवावर भयंकर विश्वास होता. त्या महानुभाव पंथाच्या. सगळं घराणंच पंथाचा उपदेश घेऊन रीतसर अनुयायी झालेलं. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या कोणत्या देवतेपुढे हात जोडायचे नाहीत, तिचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, हे त्यांना पाणी गाळून पिण्याइतकं साधं वाटायचं. लोकांना मात्र आम्ही दोघी एकाच माळेच्या वाटायचो. लेआउटच्या कमिटीचे अध्यक्ष एकदा हसत हसत म्हणाले, "तुम्ही दोघी आमच्या नास्तिक पार्टीच्या!" तर काकूंनी डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "मी काहून नास्तिक? माह्यावाला देव मोजून एक हाये, पन हाये ना!"

काकू मूळच्या कुहीकडच्या एका खेड्यातल्या. घरची धानाची शेती. काका हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं पाळ्या करून रिटायर झाले आणि मुलानं शहरात, हुडकेश्वरला घर बांधलं, तसे दोघं इथे राहायला आले. वयानं काकू माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या. पण अख्खा लेआउट त्यांना काकू म्हणे, म्हणून मीही म्हणायला लागले. आणि मला अख्खा लेआउट मॅडम म्हणे, कारण मी चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं. म्हणून मग त्याही मॅडम म्हणायला लागल्या. उंच, सडसडीत बाई. साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि साडीच्या आत काकांची कंपनीतून मिळालेली जुनी ट्रॅक पँट. हा त्यांचा योगाचा पोशाख. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. काकू म्हणाल्या, "हसा, हसा. हसल्यानंबी पोटातली हवा निघते."

योग त्या शिकल्या त्याला कारण दमा. नवीन लग्न होऊन आल्या आणि पहिल्याच हंगामात धानाच्या भुशानं त्यांची छाती धरली. रात्र रात्र बसून काढायच्या. तेव्हा कुहीच्या शाळेतल्या ड्रिलमास्तरांनी गावात योगाचं शिबिर घेतलं. नवी सून एकटी कशी पाठवायची म्हणून सासरे सोबत गेले आणि पूर्ण आठ दिवस चटईच्या कडेला काठी घेऊन बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी मास्तरांना रोखठोक विचारलं, "मास्तर, आमी उपदेशी मानसं. याच्यात देव कोनता हाये ते आधी सांगा." मास्तर म्हणाले, "पाटील, याच्यात देव नाही, नाक हाये." सासऱ्यांना ते पटलं. काकूंना तर इतकं पटलं, की चाळीस वर्षांनी आमचा वर्ग सुरू केला तेव्हाही त्या हेच सांगत. कोणी नवीन बाई यायची, बिचकत विचारायची, काकू, यात काही मंत्रबिंत्र आहेत का हो, आमच्यात चालत नाही. की काकूंचं ठरलेलं उत्तर यायचं, "याच्यात देव नाही वं बाई, नाक हाये. नाक आनलं ना संगं? मंग बस."

लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये कमिटीनं एक पत्र्याचं शेड बांधलं होतं. तिथे सकाळी साडेपाचला वर्ग भरायचा. सुरुवात ओंकारानं नाही, प्रार्थनेनं नाही. "बसा. पाठ सरळ. दोन्ही नाकपुड्या चालू हायेत का पाहा." एवढंच. शेवटी मात्र त्या दोन मिनिटं सगळ्यांना डोळे मिटायला लावत आणि म्हणत, "आता ज्याले जे आठवाचं ते आठवा." कोणी गणपती आठवत. माझ्या शेजारच्या मेश्रामताई मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणत, त्यांचे ओठ हलताना दिसायचे. मी आपली आदल्या दिवशी विसरलेली भाजी आठवायची. काकू काय आठवत ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचं नामस्मरण पहाटे चारला घरी होऊन गेलेलं असे, आणि ते त्यांनी कधी शेडमध्ये आणलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाल्या, "योग अंगाले, नाम जिवाले. दोघायच्या चुली अलग अलग ठेवल्या का मंग भांडन होत नाही."

सूर्यनमस्कार त्या घ्यायच्या, पण त्याला सूर्यनमस्कार म्हणत नसत. "चला, साखळी घेऊ," म्हणत. एकातून एक निघणाऱ्या बारा स्थिती, म्हणून साखळी. पहिल्या स्थितीत छातीशी हात जोडायचे असतात. त्याऐवजी काकू दोन्ही हात बरगड्यांवर ठेवायला लावत. "श्वास कुठवर जाते ते हाताले समजलं पाह्यजे." पुढचं सगळं तेच, वाकणं, पाय मागे नेणं, छाती वर उचलणं. ह्या बाईनं सूर्याचा नमस्कार तेवढा अलगद बाजूला काढून ठेवलाय, हे आमच्यातल्या कित्येक जणींच्या दोन वर्षांत लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्या आलं होतं. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा कौतुकाचा आवही मी आणायची. काय बाई जुनी माणसं, असा.

ह्या साखळीत मी कशी अडकले ते सांगायला हवं. माझे मिस्टर गेले त्यानंतरची गोष्ट. दिवसातून चार-पाच वेळा माझ्या छातीत गोळा यायचा, श्वास वरच्या वर अडकायचा, हातपाय गार पडायचे. कार्डिओग्राम काढून झाला, इको काढून झाला. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही नाही. काही नाही म्हणे! मला बाथरूमपर्यंत जायची भीती वाटायची. मेश्रामताईंनी मला ओढत काकूंकडे नेलं. काकूंनी मला आसन शिकवलं नाही की उपदेश केला नाही. चटईवर आडवं केलं, स्वतः शेजारी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "घ्याची घाई नोका करू, मॅडम. आधी आत हाये तो तं बाहीर जाऊ द्या." असं त्यांनी रोज अर्धा तास, जवळपास महिनाभर केलं. आणि एका सकाळी, कसं कोण जाणे, माझा श्वास तळापर्यंत गेला आणि मी ओक्साबोक्शी रडले. वर्गात इतक्या बायका होत्या, तरी रडले. काकूंनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. "रडू द्या. कसरतच हाये ते," म्हणाल्या. माझ्यावर त्या बाईचे इतके उपकार आहेत. म्हणून पुढचं लिहिताना माझा मलाच राग येतो.

त्या वर्षी कमिटीनं ठरवलं, योग दिवस दणक्यात करायचा. आजूबाजूचे चार लेआउट मिळून मोठ्या मैदानावर सामूहिक सूर्यनमस्कार, मोठे पाहुणे, ड्रोनवरून शूटिंग. स्टेजवर प्रात्यक्षिक दाखवायला अर्थातच काकू, आणि माइकवर अर्थातच मी. लेआउटमध्ये माइक म्हटलं की मॅडम, हे ठरलेलंच. अध्यक्ष म्हणाले, बारा नमस्कार, बारा मंत्र. काकू म्हणाल्या, "साखळी घेईन मी. मंत्र नाही जमत मले." अध्यक्ष बिचारे वाईट माणूस नाहीत. रस्त्यात दिसेल त्या देवाला हात जोडणारा माणूस. त्यांना हे समजेचना. "मॅडम, तुम्ही समजवा ना त्यांना. सूर्य काय कोण्या धर्माचा आहे का? योगा तर पूर्ण सायन्स आहे!"

आणि मी समजावायला गेले. गंमत पाहा, सगळ्यांपुढे हात जोडणारे अध्यक्ष आणि कोणापुढेच हात न जोडणारी मी, दोघांनी काकूंना एकच वाक्य सांगितलं. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सायन्स हाये तं मंग नमस्कार कोनाले?" मी म्हटलं, अहो काकू, नुसते ओठ हलवा, इतक्या गर्दीत कोण ऐकतंय! त्यांनी सुपातून मान वर केली. "मी ऐकून राहिली ना." मग समजुतीच्या सुरात, "तुमाले नाही समजनार मॅडम, तुमचा काही दोष नाही. ज्याच्या नमस्काराले वजन नाही तो कोठीबी करते. माह्यावाला मी एकाच ठिकानी ठेवला हाये. तो मले उचलून दुसरीकडं नाही ठेवता येत." चौतीस वर्षं वक्तृत्व स्पर्धा घेतलेली मी, तशीच उठून घरी आले.

शेवटी मी मध्ये पडून तोडगा काढला. मंत्र नाहीत, काकू एक ते बारा नुसते आकडे मोजतील, हात बरगड्यांवर ठेवतील, लोकांनी हवं ते करावं. अध्यक्ष "हो हो, बिलकुल, तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले. ते ज्या वेगानं हो म्हणाले त्यावरूनच मला कळायला हवं होतं. काकूंना मी शब्द दिला. "मी माइकवर आहे ना, मग तुम्ही काळजी करू नका." काकू म्हणाल्या, "तुमी म्हनता म्हनून येतो."

तो दिवस असा उकाड्याचा, की सकाळी सहालाच घाम पाठीवरून वाहत होता. मैदानावर दोन-तीनशे लोक चटया टाकून. काकू स्टेजच्या पुढच्या कडेला, नवी पांढरी साडी, खाली तीच ट्रॅक पँट. पहिल्या दोन साखळ्या झाल्या. काकूंचा आवाज खणखणीत, "एक... दोन... पाय मांगं..." लोक रंगले होते. तेवढ्यात पाहुणे स्टेजवर चढले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, अगदी हसतमुखानं, आणि म्हणाले, "असे मुक्यानं सूर्यनमस्कार होतात का कुठे?" आणि पहिला मंत्र खड्या आवाजात सुरू केला. सगळं मैदान त्यांच्या मागे म्हणू लागलं. काकूंनी बरगड्यांवरचे हात खाली सोडले आणि सरळ उभ्या राहिल्या. रागानं नाही, तोऱ्यानंही नाही. एसटीची वाट पाहत उभं राहावं तशा. समोर दोन-तीनशे माणसं वाकत होती, उठत होती, आणि स्टेजवर जिनं त्यांना दाखवायचं ती बाई हलत नव्हती. दुसरा मंत्र झाला, तिसरा झाला. मग लोक एकेक करून थांबायला लागले. कुजबुज सुरू झाली. मोबाइल वर झाले. पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं, त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि अध्यक्षांनी घाईघाईनं माइक माझ्या हातात कोंबला. "मॅडम, काहीतरी सांगा, लवकर!"

एक वाक्य सांगायचं होतं. मला ते पाठ होतं. व्याकरणाच्या दृष्टीनंही अवघड नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "काकूंना अचानक बरं वाटत नाहीये. त्यांना बीपीचा त्रास आहे. आपण पुढे चालू ठेवू या."

अरे बाप रे, मैदानाचं काय झालं म्हणून सांगू! सगळ्या आठ्या विरघळल्या. "अरेरे, काकू!" असा आवाज उठला. चार बायका धावत स्टेजवर चढल्या, दोघींनी काकूंना काखेत धरलं, खाली आणून खुर्चीत बसवलं. कोणी पदरानं वारा घालतंय, कोणी ग्लुकोजचं पाणी पाजतंय. काकू म्हणत होत्या, "मले काही नाही झालं," आणि बायका म्हणत होत्या, "बोलू नका काकू, बोलू नका, दम लागेल." त्या गर्दीच्या फटीतून काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली आणि माइकवर म्हटलं, "चौथा नमस्कार." हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

त्यानंतर आठ दिवस काकूंच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. केळी, मोसंबी, नारळपाणी. दमा गेल्यापासून सर्दीची गोळीसुद्धा न घेतलेली ही बाई स्वतः उठून सगळ्यांना चहा करून द्यायची आणि लोक म्हणायचे, बाप रे, उठू नका हो! देवळाजवळच्या एका भाबड्या बाईनं तर मारुतीपुढे काकूंसाठी नारळ फोडला आणि प्रसादाची वाटी घेऊन आली. मी तिथेच बसले होते. काकूंनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुमचं मन लय चांगलं हाये, बाई. पन हे मले चालत नाही." ती बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बीपीला खोबरं चालत नाही का हो, मॅडम?" मी चहाचा कप तोंडाला लावला. काकू मात्र तिला म्हणाल्या, "बीपी नाही वं मले, देव अलग हाये माहा." तर ती बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "असं काही मनात आणू नका काकू, तुम्ही बऱ्या व्हाल." खरं बोललेलं सगळं आजारपणातच जमा होऊ लागलं. काकांनी घाबरून घरातलं मीठ कमी केलं. पहाटे चारला उठायची बंदी झाली. मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला, बीपी अगदी नॉर्मल निघालं, तर सगळे म्हणाले, पाहा, आराम केल्याचा फायदा!

आणि मग कमिटीनं काकूंना आराम दिला. शेडमधला वर्ग घ्यायला एक तरुण शिक्षक आणले. पोरगा चांगला होता, शिकलेला होता. ओंकार, प्रार्थना, बारा मंत्र, सगळं रीतसर. काकू सोमवारी नेहमीच्या वेळेला चटई काखेत मारून आल्याच. बायकांनी त्यांना प्रेमानं दंडाला धरलं आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. "तुम्ही नुसतं पाहा, काकू." काकू तीन दिवस त्या खुर्चीवर बसल्या. चटई गुंडाळलेली, मांडीवर आडवी. चौथ्या दिवशी आल्या नाहीत. कोणी भांडावं, कोणावर ओरडावं असं काहीच घडलेलं नव्हतं. सगळे इतके प्रेमानं वागत होते, की ओरडायला माणूसच सापडत नव्हता. मी सोडून.

मी काही केलं नाही असं नाही. अध्यक्षांकडे गेले, म्हटलं, त्या दिवशी काकूंना काही झालं नव्हतं, मी खोटं बोलले. ते म्हणाले, "मॅडम, किती मोठं मन आहे तुमचं! त्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय." आता ह्या माणसाला काय म्हणावं! मग लेआउटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, काकू ठणठणीत आहेत, त्या दिवशीही ठणठणीत होत्या. उत्तरादाखल चाळीस जोडलेले हात आले, पिवळे पिवळे. आणि दहा फुलं. मग मी पुढचं वाक्य टाइप केलं. "काकूंनी नमस्कार केला नाही, कारण..." एवढं लिहून थांबले. योग दिवसाच्या सकाळी ज्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं त्यांनी ते कोणी पुढे पाठवलं नव्हतं. आजारी बाईचं काय पाठवणार? माझं वाक्य गेलं असतं तर तेच शूटिंग त्या रात्रीतून कुठे कुठे गेलं असतं आणि लोक काय काय बोलले असते. म्हणजे तिच्या भल्यासाठीच, असं मी स्वतःला सांगितलं आणि वाक्य पुसलं. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. मला अजून माहीत नाही, मी काकूंसाठी भीत होते की माझ्यासाठी.

दिवाळीच्या आधी काकू-काका गावी गेले. धानाचा हंगाम आहे, दीर एकटे पडतात, असं सांगून गेले. हंगाम संपला तरी परतले नाहीत. सकाळचा तो एक तास म्हणजे काकूंचं शहरातलं सगळं होतं. बाकी हुडकेश्वरच्या त्या चार खोल्यांत त्यांना काय काम? सून नोकरीला, नातवंडं शाळेत. तो तास गेल्यावर त्या तिथे पाहुण्यासारख्या झाल्या होत्या, असं त्यांची सूनच मला म्हणाली.

माझा श्वास पुन्हा वर अडकू लागला होता. नव्या शिक्षकानं मला तीन प्रकारचे प्राणायाम शिकवले, काही उपयोग झाला नाही. एका सकाळी मी मेश्रामताईंना सांगून कुहीची एसटी पकडली. खेड्यात पोचले तेव्हा दहा वाजले होते. काकूंनी अंगणभर धान वाळत घातलं होतं आणि त्यातून पाय ओढत फिरत होत्या, खालचं वर यावं म्हणून. मला पाहून तोंडभर हसल्या. "दंडवत, मॅडम! चांगल्या हाये ना तब्येतीनं?" दंडवत म्हणजे त्यांच्या पंथातला नुसता रामराम. खरंच आनंद झाला होता त्यांना. मला वाटलं होतं, त्या रागावतील, मी रडेन, मोकळं होईल. त्यांनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि पुन्हा धानात पाय घातले. मी पायरीवर बसून म्हटलं, "काकू, माझं चुकलं."

त्या चालत राहिल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग म्हणाल्या, "एक इचारू, मॅडम? त्या दिशी खरं काय सांगतलं असतं तुमी?"

"हेच की तुम्ही एका परमेश्वराशिवाय कोणाला नमस्कार करत नाही."

"एवढंच ना?"

"एवढंच."

"मंग एवढ्याची तुमाले लाज कायची वाटली?"

मी घाईघाईनं म्हटलं, लाज नाही हो काकू, भीती वाटली. तुमच्यासाठी. लोक तुम्हाला काही बोलतील म्हणून. काकू थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "भेव माह्यासाठी होतं, तं मले इचाराचं होतं वं. मी तं तिथंच उभी होती."

मी म्हटलं, चला परत, मी सगळ्यांना खरं सांगते, वर्ग पुन्हा सुरू करू, माझ्या गच्चीवर करू. काकू म्हणाल्या, "सांगा आधी. मंग पाहू." एवढं बोलून पुन्हा फिरायला लागल्या. मी म्हटलं, सांगते. नक्की सांगते. आज घरी पोचले की सांगते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेश्रामताई. त्यांचा आवाज मुळातच असा, की फोन कानाला लावायची गरज नाही. अंगणभर ऐकू जातं. "मॅडम, कुहीला पोचल्या ना? काकू कशा आहेत हो? आम्ही सगळ्या मुद्दाम पुन्हा शेडमध्ये जमलोय, वाट पाहून राहिलो!"

काकू धानात उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहत. सगळ्या एकत्र बसलेल्या, फोन चालू, समोर काकू. ह्याहून सोपं काय असणार होतं?

मी म्हटलं, "बऱ्या आहेत आता. आधीपेक्षा पुष्कळ बऱ्या आहेत."

पलीकडून "चला, देवाची कृपा!" असा गलका आला आणि फोन बंद झाला. मी मान वर करायला धजत नव्हते. काकूंच्या पायाखालचं धान पुन्हा सरसरायला लागलं, तेव्हा पाहिलं. त्या माझ्याकडे पाठ करून चालल्या होत्या. अंगणाच्या टोकाला जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, "असंच चाललं ना मॅडम, तं एखाद्या दिशी तिकडं माह्या तेरवीचं जेवनबी होऊन जाईन. अन् मी इथी धान वाळवून राहीन."

आणि हसल्या. अगदी मनापासून, पोटातून. फोन माझ्या हातातच होता. शेवटचा नंबर मेश्रामताईंचाच होता, नुसतं बोट लावायचा अवकाश. मी तो पर्समध्ये ठेवला आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.